उणे तीसमध्ये गाडीचं ॲव्हरेज: एका हिवाळ्याचा हिशेब

बाबा कोल्हापूरच्या एसटी वर्कशॉपातून निवृत्त झाले. फोनवर माझ्या तब्येतीच्या आधी गाडीची चौकशी होते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ॲव्हरेज किती देतीया?" इथे कॅनडात एडमंटनला सगळा हिशेब शंभर किलोमीटरला किती लिटर असा उलटा चालतो. त्यामुळे त्यांना सांगायचं तर आधी भागाकार करावा लागतो. उन्हाळ्यात उत्तर होतं लिटरला साडेबारा किलोमीटर. जानेवारी २०२३ च्या पेट्रोलच्या पावत्या काढून बसले, तर ते निघालं सातच्या जरा वर. बाबा क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "टाकी गळतीया का बघ."

टाकी गळत नव्हती. पण पुढच्या हिवाळ्यात आपल्या हातानं जे करता येईल ते करून बघायचं, असं मी तेव्हाच ठरवलं. गाडी म्हणजे २०१४ ची १.८ लिटरची कोरोला, सेकंडहँड घेतलेली. मिल वुड्स भागातल्या आमच्या काँडोपासून (म्हणजे मालकीच्या फ्लॅटांची इमारत) विद्यापीठाच्या बाजूला कामाचं ठिकाण ११ किलोमीटर. सकाळी सातची पाळी. मी मेकॅनिक नाही, प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही एवढंच. ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ मध्ये काय केलं, कशाला किती दिवस आणि डॉलर लागले, ते क्रमानं लिहिते आहे.

सुरुवात हवेपासून केली, कारण तिला पैसे पडत नाहीत. ४ नोव्हेंबरच्या शनिवारी बाहेर उणे दहा होतं. चारही टायर मोजले, तर २७ आणि २८ पीएसआय. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३२ लिहिलेलं. हिवाळी टायर बसवताना गॅरेजवाल्यानं हवा बरोबर भरली होती, पण त्याच्या वीस अंशाच्या उबदार शेडमध्ये. दर साडेपाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय उतरतो, म्हणजे तीस अंशांच्या फरकात पाच गेलेच. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीचं तोंड गोठून बसलेलं. शेवटी सायकलचा पायपंप काढला. एका टायरला साठेक दट्टे. चौथ्या टायरपर्यंत जॅकेट काढून ठेवलं होतं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, गाडी रात्रभर बाहेर उभी असताना, निघण्याआधी हवा बघायची सवय लावून घेतली.

मग २४ डॉलरचं एक ब्लूटूथ यंत्र आणलं. डॅशबोर्डखाली गाडीच्या संगणकाशी जोडणारी ओबीडी नावाची खाच असते, तिच्यात खोचलं की इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान, पेट्रोलचा खप वगैरे फोनवर दिसतं. पहिल्या सकाळचे आकडे अजून पाठ आहेत. निघताना उणे १२. चौथ्या किलोमीटरला ४८. ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरताना ७९. इंजिन नीट तापलं असं म्हणायला ८० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे ते ज्या क्षणी कामाला तयार होत होतं, त्याच क्षणी मी किल्ली फिरवून बंद करत होते. संध्याकाळी परत तेच. माझी गाडी वर्षातले पाच महिने गार इंजिनावरच चालत होती.

ते समजल्यावर बाकीचं आपोआप सुटत गेलं. अमेरिकी ऊर्जा खात्याचा आकडा वाचलेला होता: पंचवीस अंशांच्या तुलनेत उणे सातला साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज साधारण १५ टक्के घसरतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत. गार तेल घट्ट होतं, गार हवा जड होते, हिवाळ्यातल्या पेट्रोलमध्ये ऊर्जाही किंचित कमी. हवेचं आणि पेट्रोलचं मी काही करू शकत नव्हते. पहिल्या दहा मिनिटांचं करू शकत होते.

इथल्या बहुतेक गाड्यांना ब्लॉक हीटर असतो, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेली छोटी विजेची कांडी. तिची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते. भारतातून नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटतं, अरे वा, इथे सगळ्यांकडे इलेक्ट्रिक गाड्या आहेत! मलाही वाटलं होतं. माझ्या गाडीलाही तशी शेपटी होती. गेल्या हिवाळ्यात मी ती दोनदा लावलीही होती, फरक काहीच कळला नव्हता. आता ३० डॉलरचा वॉटमीटर मध्ये लावून बघितलं. आकडा शून्य. म्हणजे गेल्या वर्षी मी गाडी लावली होती ती नुसती खांबाला.

एका गॅरेजमध्ये विचारलं. न तपासताच उत्तर आलं, "हीटर गेला, २६० डॉलर." गॅरेजचं नाव लिहीत नाही, पण तुम्हाला असं कुणी सांगितलं तर आधी दोन मिनिटं मल्टिमीटर लावा. प्लगच्या दोन चपट्या पिनांमध्ये रोध मोजायचा. ४०० वॉटचा हीटर आणि १२० व्होल्टची वीज, म्हणजे साधारण ३६ ओहम यायला हवेत. माझ्याकडे काहीच येत नव्हतं, तार कुठेतरी तुटलेली. पण कांडीतली की बाहेरची? १२ नोव्हेंबरला मैत्रिणीच्या गॅरेजात पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरले. वायर कांडीवर नुसती दाबून बसवलेली असते. हात जेमतेम पोचतो, बोटांच्या पेरांची सालं निघतात. वायर उपसून कांडीच्या पिनांवर मीटर धरला: ३५.८. कांडी ठणठणीत! बाहेर काढलेली वायर उजेडात बघितली, तर बंपरच्या आतल्या वळणावर वीतभर अंतरात उंदरानं कुरतडून तांबं उघडं पाडलं होतं. नवी वायर ४८ डॉलरला मिळाली, यायला सहा दिवस लागले. बसवताना टक् असा आवाज येईपर्यंत दाबायची. अर्धवट बसली तर तिथेच ठिणगी पडते.

आता प्लग लावायचा कुठे? हे प्रकरण सगळ्यात लांबलं.

आमच्या काँडोच्या उघड्या पार्किंगमध्ये दर दोन जागांमागे एक खांब आणि त्यावर सॉकेट आहे. माझं सॉकेट मुकं. २० नोव्हेंबरला व्यवस्थापनाला ईमेल केली. चार दिवसांनी एक फॉर्म आला: जागेचा क्रमांक, गाडीचा नंबर, हीटर किती वॉटचा, आणि एक्स्टेन्शन वायरवर सीएसएचा (कॅनडातल्या सुरक्षिततेच्या मानकाचा) शिक्का दिसेल असा फोटो. माझी वायर घरातली, पातळ पांढरी. म्हणजे आधी बाहेरच्या वापराची, तीन पिनांची, १४ गेजची वायर घेणं आलं, ३२ डॉलर. फोटो पाठवला. उत्तर आलं की हे बोर्डाच्या सभेत ठेवावं लागेल, सभा ५ डिसेंबरला. सभा झाली, परवानगी मिळाली, सोबत दोन अटी: वायर जमिनीवर टाकून ठेवायची नाही, आणि गाडीच्या आत ठेवायचा खोलीसारखा हीटर लावायचा नाही. दुसऱ्या अटीचा आधी राग आला. नंतर इलेक्ट्रिशियननं समजावलं की दोन जागांत मिळून १५ अँपिअरची एकच लाइन आहे, म्हणजे फार तर १८०० वॉट. एकानं १५०० चा हीटर लावला की शेजाऱ्याच्या गाडीसकट सगळं बंद. तो आला १४ डिसेंबरला. आतला ब्रेकर पडलेला होता, काम तीन मिनिटांचं. ईमेल ते वीज, चोवीस दिवस. तुम्ही अशा इमारतीत राहत असाल तर सप्टेंबरातच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून बघा.

मधल्या काळात विमा कंपनीलाही फोन केला, कारण पुढचा बेत गाडीची जाळी झाकण्याचा होता. "म्हणजे इंजिनमध्ये बदल का?" नाही. "बॉडीमध्ये?" तसंही नाही. एकाकडून दुसऱ्याकडे असा फोन तिघांकडे फिरला. शेवटी लेखी विचारा म्हणाले. फोटोसह लिहिलं. नऊ कामाच्या दिवसांनी दोन ओळी आल्या: हंगामी, काढता येण्यासारखं आवरण, नोंदीची गरज नाही. त्या दोन ओळी छापून गाडीच्या कप्प्यात ठेवल्या आहेत.

जाळी का झाकायची? रेडिएटरवर समोरून गार वारा आपटतो. इंजिन नीट तापेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून ठेवतो हे खरं, पण वारा इंजिनाच्या खोलीतही शिरतो, आणि उणे वीसला हीटर फुल्ल करून लाल दिव्यापाशी उभं राहिलं की कूलंट ८४ वरून ७१ वर आलेलं मी फोनवर बघितलं होतं. शेजारच्या जागेतले युक्रेनियन आजोबा चाळीस वर्षं दर हिवाळ्यात पुठ्ठा लावतात. मी पुठ्ठ्याऐवजी पाण्याच्या पाइपवर चढवायचा करडा फोम आणला, चार नळ्या, १८ डॉलर. त्या लांबीत चिरलेल्याच असतात, जाळीच्या पट्ट्यांवर सरळ बसतात. बाबांना व्हिडिओवर दाखवलं.

"गाडीला स्वेटर घालालीस व्हय गं?"

"स्वेटरच. अर्धाच घातलाय."

"अर्धाच बरा. आनि काटा बघत ऱ्हा. झाकलेल्या रेडिएटरला काट्याशिवाय तोंड नसतंय."

पहिला प्रयत्न फसला. उणे पंधराला बाहेर उभं राहून बसवायला गेले तर फोम लाकडासारखा कडक, आणि कसाबसा खोचलेला एक तुकडा दुसऱ्याच दिवशी अँथनी हेंडे रिंग रोडवर शंभरच्या वेगात उडाला. आरशात तो गोल फिरत मागे जाताना दिसला. मागे कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर माझ्या बचतीपायी कुणाची तरी काच गेली असती. दुसऱ्या वेळी तुकडे घरातच मापानं कापले, पिशवीत गरम पाण्याच्या बाटलीबरोबर ठेवून खाली नेले आणि प्रत्येकाला दोन दोन झिप टाय मारले (६ डॉलरचं पाकीट). खालची मोठी जाळी दोन तृतीयांश झाकली, वरची फट उघडी ठेवली. आमच्या अल्बर्टा प्रांतात नंबरप्लेट फक्त मागे असते, त्यामुळे पुढे झाकायला आडकाठी नव्हती. नव्या गाड्यांमध्ये मात्र जाळीमागे किंवा लोगोमागे रडार असतं. ते झाकू नका, आणि तुमच्या गाडीत ते कुठे आहे हे पुस्तिकेत बघितल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. एका ओळखीच्यांनी इंजिनावर जुनी गोधडी टाकायचा सल्ला दिला होता. एक्झॉस्टला चिकटली तर काय होईल याचा विचार करून तो सल्ला मी नम्रपणे विसरले.

इतकं सगळं करून डिसेंबर निघाला कोमट. नाताळला अंगणात बर्फ नाही, नुसतं तपकिरी गवत. सगळे खूश, मी एकटी हिरमुसलेली. हवा आणि फोम एवढ्यावर शंभर किलोमीटरचा आकडा १०.६ वरून १०.१ लिटरवर आला होता. पण तेवढा फरक हवामानाचाही असू शकतो.

मग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी आली ती सगळं भरून काढत. १२ तारखेला एडमंटनच्या विमानतळावर पारा उणे चाळीसच्याही बराच खाली गेला. नाकातले केस श्वासासरशी गोठतात, टायरचा खालचा भाग रात्रीत सपाट होतो आणि पहिले काही मिनिटं गाडी चौकोनी चाकांवर चालल्यासारखी थडथडते. २२ डॉलरचा बाहेर वापरायचा टायमर मी पहाटे साडेतीनला लावला होता, निघायचं साडेसहाला. रात्रभर हीटर चालू ठेवून उपयोग नाही. दोन-तीन तासांनंतर जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर पडते. कॅनडाचं नैसर्गिक संसाधन खातंही दोन तास आधी सुरू करा असंच सांगतं. त्या सकाळी फोनवर पहिला आकडा दिसला: अधिक ४. बाहेर उणे ३६ असताना. तिसऱ्या किलोमीटरला कूलंट पन्नास, आणि दुसऱ्या सिग्नललाच काचेवरचं धुकं वितळायला लागलं. मी एकटीच गाडीत "वा वा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, शनिवार १३ जानेवारी, एका मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास तिळगूळ हातात असताना खोलीतले सगळे फोन एकदम किंचाळले. अल्बर्टा सरकारचा आपत्कालीन इशारा: विजेचं जाळं तोकडं पडतं आहे, फिरते वीजकपात होऊ शकते, अनावश्यक दिवे घालवा, इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग आणि ब्लॉक हीटर लावणं पुढे ढकला. ब्लॉक हीटर! महिनाभर ज्याच्यासाठी फॉर्म भरले ते सरकार नाव घेऊन बंद करायला सांगत होतं. यजमानबाईंनी समईवर हळदीकुंकू उरकलं, आणि खरं सांगायचं तर ते जास्तच छान दिसलं. काही मिनिटांत मागणी दीड-दोनशे मेगावॅटनं उतरली, वीज कुणाचीच गेली नाही. रात्री इशारा मागे घेतल्यावरच मी वायर जोडली. पार्किंगमध्ये बघितलं तर बहुतेक गाड्या संध्याकाळी सहापासून सलग जोडलेल्या असतात, म्हणजे बरोबर मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा. तो टायमर त्या दिवसापासून मला जास्त आवडायला लागला.

याच आठवड्यात एका पहाटे वायर न काढता गाडी मागे घेतली. खांबाकडचा प्लग निघाला म्हणून निभावलं. आजोबांनी खिडकीतून बघितलं असावं. संध्याकाळी माझ्या वायपरला कपड्यांचा लाल चिमटा लावलेला होता. त्यांनी खुणेनं दाखवलं: प्लग लावला की चिमटा स्टिअरिंगला.

जानेवारी संपता संपता वारं फिरलं आणि तापमान शून्याच्या वर गेलं. त्या थंडीनंतर टी-शर्टात फिरावंसं वाटत होतं. मी गाडीचा स्वेटर काढायचा विसरले. हेंडेवर फोनवरचा आकडा ९२, ९५, ९८. माझ्या पोटात गोळा. १०१ ला पंखा घोंघावत सुरू झाला. पुढच्या उताराला रिंग रोडवरून बाहेर पडले, पेट्रोल पंपावर थांबले आणि किल्लीनं झिप टाय तोडून फोम उपसला. दहा मिनिटांत ८८. गाडीला काही झालं नाही, पण बाबांचं वाक्य कानात वाजत होतं. माझा नियम आता असा: उणे पाचच्या वर अंदाज असेल तर खालचा अर्धा फोम काढायचा, शून्याच्या वर सगळाच. आणि ज्यांच्याकडे तापमान दाखवणारं काहीच नाही त्यांनी हा प्रकार करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा थंडी आली तेव्हा नीट चाचणी घेतली. चार दिवस प्लग लावून, चार दिवस न लावता, एकच रस्ता, एकच वेळ, सुरू केल्यावर मिनिटभरात निघायचं. शंभर किलोमीटरला न लावता ११.० लिटर, लावून ९.९. दहा टक्के. कॅनडा सरकारही उणे वीसला जास्तीत जास्त एवढाच फायदा सांगतं, त्यामुळे माझा आकडा अगदीच हवेतला नसावा.

आता पैशांचं. रोजचे २२ किलोमीटर, म्हणजे हीटरमुळे वाचलं पाव लिटर, तेव्हाच्या भावानं तीस सेंट. हीटरला लागली १.२ युनिट वीज. आमच्या घरच्या बिलात सगळे आकार धरून युनिट तेव्हा पंचवीस सेंटला पडायचं, म्हणजे तीस सेंट. बेरीज शून्य! पार्किंगची वीज काँडोच्या मासिक शुल्कात येते म्हणून ती मला फुकट वाटते, पण ती कुणीतरी भरतंच. सगळ्या सामानाचे झाले १८० डॉलर, ५ टक्के जीएसटी धरून १८९.

खरी बचत भलतीकडेच सापडली. गेल्या हिवाळ्यात मी रोज सकाळी रिमोटनं गाडी सुरू करून पंधरा मिनिटं तशीच तापवत ठेवायचे. इथे सगळेच ठेवतात. एकदा मुद्दाम मोजलं: तेवढ्यात साधारण एक तृतीयांश लिटर जळतं, एक मीटरही न सरकता. म्हणजे चाळीसेक सेंट रोज. हीटरमुळे ते पंधरा मिनिटं लागेनाशी झाली. काच साफ करायला दोन मिनिटं, छतावरचा बर्फ झाडायला एक, की निघायचं. गाडी चालतानाच लवकर तापते. तेवढ्यावर सामानाचे पैसे चार-पाच हिवाळ्यांत सुटतील, तोवर गाडी टिकली तर. वायरला उंदीर लागला नाही तर.

३१ मार्चला काँडोची वीज बंद झाली. त्या रविवारी फोमचे तुकडे काढले, मीठ धुतलं, मार्करनं वर १ ते ९ आकडे घातले आणि हिवाळी बुटांच्या खोक्यात ठेवले. लाल चिमटा आजोबांना परत द्यायला गेले, तर त्यांनी घेतला नाही. संध्याकाळी बाबांचा फोन.

"ॲव्हरेज?"

"भर थंडीत दहा. गेल्या वर्षी सात होतं."

"बरं. आनि आता तेल बदल. गारठ्यात आखूड फेऱ्या मारल्यास, तेलात पाणी साचलं असंल."

१३ एप्रिलची वेळ घेतली आहे.